सभागृह उठल्यानंतर

अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्या चुलत सासऱ्यांइतकी भाषणं कोणी ऐकली नसतील, आणि एवढं ऐकून त्यांच्याइतकं गप्पही कोणी राहिलं नसेल. उभी नोकरी त्यांनी विधानसभेत काढली, पण आमदार म्हणून नव्हे. आमदारांचं बोलणं खाली टेबलाशी बसून लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. अधिवेशनांच्या कामकाजाचे जे जाडजूड खंड आज ग्रंथालयात धूळ खात पडलेत, त्यांतली कित्येक पानं काकांच्या हातची. निवृत्त होऊन ते रेवदंड्याच्या खाडीकाठी आपल्या गावी परतले, पण सभागृह काही त्यांच्या अंगातून निघालं नाही. चहा आणला की म्हणणार, "पटलावर ठेवा." कोणी शिवी हासडली की ती लगेच कामकाजातून काढून टाकणार. माझ्या लग्नात मानपानावरून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी हमरीतुमरीवर आली, तेव्हा हे गृहस्थ कोपऱ्यात बसून सगळं टिपत होते. भांडण मिटल्यावर त्यांनी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं, कंसातल्या ‘हशा’ आणि ‘व्यत्यय’ यांच्यासकट. माझे मामा त्यानंतर माझ्या सासुरवाडीला फिरकले नाहीत.

आणखी एक खोड तर जीव घ्यायची. सभागृहात एकानं काही मिनिटं लिहायचं, मग दुसरा येऊन बसतो आणि पहिला उठतो. त्यामुळे तुम्ही आपलं पोटतिडकीनं काही सांगताय, बायकोचं दुखणं, मुलाची नोकरी, आणि काका मध्येच उठून चालू लागणार. राग मानावा तर चेहरा अगदी निष्पाप, जणू पुढचं ऐकायला बदली माणूस बसलाच आहे. मासळीवाली म्हणायची, या मानसाला अर्धाच भाव सांगून व्हतो.

पण बांधाचं आठवलं की हसू ओठातच राहतं. मी तळा तालुक्यातला, डोंगराकडचा. खाऱ्या पाण्याशी माझा संबंध ताटातल्या मासळीपुरता. खारेपाटातली शेती म्हणजे काय ते मला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावानं शिकवलं. खाडी अडवायला मातीचा बांध आणि बांधाच्या आत भात. बांधाला खांड पडून उधाणाचं पाणी आत आलं की जमीन मेली म्हणून समजा. त्यांच्या बांधाला खांड पडली, तेव्हा तिथल्या आमदारानं प्रश्न लावून धरला. तो सभागृहात यायचा त्या दिवशी गावची माणसं मांडव्याहून लाँचनं मुंबईला गेली आणि प्रेक्षक गॅलरीत दाटीवाटीनं बसली. सासरे पहिल्या रांगेत. खाली टेबलाशी त्यांचा धाकटा भाऊ, हातात पेन. आपला मानूस लिवायला बसलाय, आता भ्या न्हाय, असं ते शेजाऱ्याला म्हणाले होते.

नेमका भलत्याच विषयावर गदारोळ झाला. अध्यक्षांनी बैठक तहकूब केली आणि ते उठले. काकांनी पेनाला टोपण लावलं. सगळे पांगत असताना मंत्री कागद आवरता आवरता आमदाराकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, की तुमचा बांध यंदा करून देतो, झालं समाधान? गॅलरीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं. काकांनी तर अगदी हाताच्या अंतरावरून ऐकलं. पण अध्यक्ष उठल्यावरचं बोलणं कामकाजात घ्यायचं नाही, असा नियम. टोपण काही निघालं नाही.

पुढे मंत्री बदलले. गावकरी कचेरीत गेले की तिथले साहेब विचारायचे, आश्वासन दिलं होतं म्हणता, मग कामकाजात कुठे आहे? ते कुठेच नव्हतं. दर पावसाळ्यात खांड रुंदावत गेली, शेतात खाऱ्या चिखलातली तिवरं उगवली. शेवटी सासरे भावाच्या अंगणात येऊन उभे राहिले. एक ओळ तुझ्या हातात होती, म्हणाले.

"दादा, सभागृह उठलं होतं," काका म्हणाले.

"आमी तं बसलो व्हतो ना?"

सासरे एवढंच बोलले आणि वळले. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, पण त्यानंतर भावाभावांत बोलणं उरलं नाही. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचंही पटायचं. सणाला एका घरी जेवून दुसऱ्या घरी पान खायला जाणारा जावई मीच.

गेल्या भाद्रपदात सासरे गेले. शाळेत शोकसभा झाली. काका मागे बसून प्रत्येकाचं भाषण उतरवून घेत होते, मान खाली. दोघातिघांनी तर कधी न घडलेलंच काही सांगितलं, तेही त्यांनी मुकाट्यानं लिहिलं. सरपंचांनी सभा संपल्याचं जाहीर केलं, काकांनी टोपण लावलं. माणसं चपला शोधत होती, सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या, तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या माझ्या सासूबाई बोलू लागल्या. नवरा गेल्यापासून ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्या कोणाकडेही न बघता शेतांची नावं घेत होत्या. मधली खार, देवाची खार, आईची खार. कुठे कुठलं भात यायचं, कुठल्या बांधावर लेकीला झोळीत निजवून त्या लावणी करायच्या. ती लेक म्हणजे माझी बायको. ती पदरात तोंड घालून रडत होती.

"मरता मरता इचारत व्हता," सासूबाई म्हणाल्या, "त्यानं लिवलं का म्हून."

काका दारापर्यंत पोचले होते. ते थांबले, मग परत आले, आणि गुडघे दुखत असताना वहिनींसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी टोपण काढलं.

"वहिनी, सावकाश सांगा," ते म्हणाले. "मी बसलोय."

सासूबाई सांगत राहिल्या, काका लिहीत राहिले. मधे एकदाही उठले नाहीत. त्या खारींत आज तिवरांचं रान माजलंय, भरतीला आत होडी जाते. त्या कागदाचा आता कुणाला काही उपयोग नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. शाळेचा शिपाई चावी घेऊन दाराशी आला होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.