तोंडाचा वास

"तोंड उघड," साहेब म्हणाले. "हा कर."

मी ड्रायव्हरच्या सीटवर. मागे कारखान्याची बस भरलेली. पहिल्या पाळीचे लोक, कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या कानात वायर. साहेब दारातून चढले आणि आपल्या जागेवर बसायचं सोडून माझ्याजवळ थांबले. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो.

"हसतो काय? हा कर म्हटलं ना."

मी तोंड उघडलं. दवाखान्यात सोडतात तसा श्वास सोडला. साहेबांनी नाक माझ्या तोंडापाशी आणलं. इतकं जवळ की त्यांच्या दाढीनंतरच्या अत्तराचा वास मला आला. दोनदा हुंगलं. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पास आहे रे. चला."

बस हसली. सगळी नाही. जे हसले नाहीत ते खिडकीबाहेर बघत होते.

माझा गुन्हा काय, तर साहेब चढले तेव्हा माझं डोकं स्टीअरिंगवर टेकलेलं होतं आणि डोळे मिटलेले होते. मी प्रार्थना करत होतो. थांब्यावर लोक चढेपर्यंत रोज करतो. दुसरे ड्रायव्हर लिंबू-मिरची बांधतात, अगरबत्ती फिरवतात. रफीकभाऊ बिस्मिल्ला म्हणून चावी लावतो. मी डोकं टेकतो. साहेबांना वाटलं, हा पिऊन झोपला. ठीक आहे, माणसाला वाटू शकतं. मी सांगितलं, "साहेब, प्रार्थना करत होतो." त्यांनी नाव विचारलं. माझं नाव येशूच्या एका शिष्याचं आहे. ते ऐकल्यावर साहेबांचा चेहरा कोडं सुटल्यासारखा झाला.

"ख्रिश्चन काय? मग बरोबर आहे. तोंड उघड."

कारखान्याचं नाव लिहीत नाही. साहेबांचंही नाही. चंद्रपूरच्या चहूबाजूंना कारखाने आहेत, चिमण्या आहेत, आणि प्रत्येक चिमणीखाली एखादा साहेब आहे. मी ठेकेदाराच्या बसवरचा ड्रायव्हर. आज आहे, उद्या नाही. आणि मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहाटे सायकलने डेपोकडे जाताना झुडपात काही हललं की माझे हात गार पडतात. वाघाला भ्यायची लाज वाटत नाही, आमच्याकडे सगळेच भितात. साहेबाला भ्यायची लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मीच साहेब चढायच्या आत तोंड तयार ठेवलं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. माणूस किती लवकर शिकतो. साहेब वाकायचे, हुंगायचे, "पास" म्हणायचे. कधी लहर लागली तर म्हणायचे, "आज थोडा संशय आहे, परत कर." मी परत करायचो. साहेबांच्या मनात राग नव्हता, हे मला जास्त लागायचं. त्यांच्यासाठी ती सकाळची गंमत होती.

आता थोडं घरचं सांगतो, त्याशिवाय हे कळायचं नाही.

आम्ही पोंभुर्ण्याकडचे, जंगलाला लागलेल्या गावचे गोंड. माझे बाबा प्यायचे. असे प्यायचे की घरात भांडी उरली नव्हती. माझा मामा, आईचा भाऊ, त्या दिवसांत आम्हाला जेवू घालायचा. मग आई बाबांना ओढत प्रार्थनेला घेऊन गेली. बाबांनी सोडली. पुन्हा धरली. पुन्हा सोडली. लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही कशासाठी बाटलात, तांदळासाठी की पैशासाठी? आमच्या घरात येशू आला तो दारू सोडवायला आला. गावाच्या कडेला टिनाची शेड आहे, तिथे आम्ही थोडी घरं रविवारी जमतो. मामा कधी आला नाही. तो आपल्या देवांचा राहिला आणि आमचाही राहिला.

आणि माझ्या तोंडाला दारूचा वास शोधतात. ज्या वर्षांत जिल्ह्यात दारूबंदी होती, त्या वर्षांतही साहेब लोकांच्या पार्ट्या व्हायच्या. मीच गाडी घेऊन जायचो त्यांना आणायला. सगळी गाडी दरवळायची. कोणी कोणाचं तोंड उघडलं नाही.

ख्रिश्चन म्हणजे बेवडा, हे साहेबांनी कुठल्याशा सिनेमात बघितलं असेल.

या रोजच्या हुंगण्याचा परिणाम माझ्या प्रार्थनेवर झाला. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत एक जागा आहे, जिथे आपण म्हणतो की आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही क्षमा केली आहे. त्या जागी माझी जीभ अडायला लागली. डोकं स्टीअरिंगवर, डोळे मिटलेले, आणि कान मात्र साहेबांच्या बुटांकडे. ती ओळ यायची आणि मी गप्प. देवाशी खोटं कसं बोलू? मी केली नव्हती क्षमा. मला तर वाटायचं, साहेबाची गाडी घाटात बंद पडावी आणि समोर अस्वल यावं. असा मी ख्रिस्ती.

रविवारी गावी गेलो तेव्हा आईला सांगितलं. आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. म्हणाली, "जमत नाई तं तिथी थांब. तू कुठी थांबला ते देवाले माहीत हाये. पन खोटं नको बोलू, बाबू."

मी तिथे थांबायला लागलो. अर्धी प्रार्थना, मग साहेबांचं नाक, मग गाडी.

रात्री बायको विचारायची, "काऊन जी, झोप नाई येत का?" मी म्हणायचो, उकडते. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती सोडून दे, आणि सोडून दिलं असतं तर खायचं काय, ही भीती तिलाही लागली असती. एकाला लागली ती पुरे होती.

मग मामा गेला.

सुट्टी घेऊन गावी गेलो. माती झाली. रिवाजाप्रमाणे जाणत्यांनी मोहाची थोडी जमिनीवर सांडली, मामाच्या नावाने, आणि पानाचा दोना फिरवला. माझ्यापर्यंत आला. मामाच्या थोरल्याने माझ्याकडे बघितलं. ज्याने मला भात घातला त्याच्या नावाचा दोना परतवायला माझा हात धजला नाही. मी प्यालो.

पहिला दोना मामासाठी होता. त्यानंतरचे माझे होते. त्यांचा दोष मी रिवाजावर टाकणार नाही. जिभेला चव लागली, बाबांचं रक्त जागं झालं आणि मी मागून घेतली. संध्याकाळपर्यंत मागत होतो.

दुसऱ्या सकाळी जड डोकं घेऊन डेपोत आलो. तोंडाला वास होता. मलाच येत होता. आणि मी असा घाबरलो की डेपोच्या नळावर तोंडात पाणी भरून भरून फेकत बसलो. रफीकभाऊ रात्रपाळीची गाडी लावून येत होता. त्याने एका नजरेत ओळखलं.

"खर्रा दाबून घे ना बे गालात," तो हळूच म्हणाला आणि पुडी पुढे केली. "वास-बिस काई येत नाई मंग."

बरोबर होतं त्याचं. घोटलेल्या त्या तंबाखू-सुपारीपुढे कसलाच वास टिकत नाही. पुडी मी हातात घेतली. घातली असती तर साहेब म्हणाले असते "पास", लोक हसले असते आणि बस निघाली असती. पण मागे सगळी माणसं बसणार होती. त्यांची बायका-पोरं घरी होती. मी पुडी परत दिली.

सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "मी काल प्यालो. आज गाडी नाई चालवत."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "लेका, थोडं आधी सांगाचं ना! आता ड्रायव्हर कुठून आनू? रफीक, तू घे गाडी. अन् तू, तू बी जा. उशीर काऊन झाला ते साहेबाले तूच सांग. माह्या डोक्यावर नको."

म्हणून त्या दिवशी मी माझ्याच बसमध्ये दाराजवळ उभा होतो. साहेब चढले. सीटवर रफीकभाऊला बघून थांबले. मी सांगून टाकलं, एका दमात.

"साहेब, मी काल प्यालो होतो. म्हणून गाडी घेतली नाई. म्हणून उशीर झाला."

साहेबांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बघा! मी रोज काय सांगत होतो? तुम्ही हसत होता." मग मागच्या एका तरुण इंजिनिअरला म्हणाले, "रेकॉर्ड कर रे." त्याने मोबाइल वर धरला. साहेब माझ्याकडे वळले. "बोल, मी प्यालो."

"मी प्यालो."

"जोरात."

"मी प्यालो!"

"आता बोल, आम्ही ख्रिश्चन सगळे बेवडे. नाव येशूचं आणि काम बाटलीचं. बोल, मग उद्या गाडीवर ये."

सोपं होतं. आधीचं म्हटलं होतं, हे म्हणायला काय जात होतं? नोकरी राहिली असती. माझं तोंड उघडलंही. रोजची सवय होती त्याला. पण मोबाइलचं ते काळं भिंग समोर होतं आणि मला आई दिसली. बाबा दिसले, शेवटची कितीतरी वर्षं एक थेंब न घेता मेलेले, ताप आला तरी काढ्याचा वास घेऊन बघणारे. टिनाच्या शेडमधली सगळी माणसं दिसली. चूक माझी होती, आणि साहेब माझ्या चुकीची पावती त्यांच्या नावाने फाडत होते.

दाराचा दांडा धरला.

"मी प्यालो, साहेब. मी एकटा प्यालो. बाकीचं मी म्हनत नाई."

"काय?"

"नाई म्हनत. अन् मी प्यालो ते तुमच्या नाकाने नाई सांगितलं. मी सांगितलं. यापुढे माह्या तोंडाजवळ नाक आनू नका."

साहेब लाल झाले. "उतर खाली." मी उतरलो. बस गेली. रस्त्याच्या कडेला मी ओकलो.

घरी सांगावंच लागलं. बायको रडली नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. तो व्हिडिओ फिरेल, गावात पोचेल, कोणीतरी शेडवर दगड घेऊन येईल, या भीतीने मी किती दिवस फोन वाजला की दचकायचो. रविवारी शेडमध्ये उभा राहून प्यायल्याचं सांगितलं. एक म्हातारा भडकला, "नाक कापलं तू आमचं!" बरोबर बोलला. आई जमिनीकडे बघत होती. प्रार्थना झाली, तेव्हा ती माझ्या बाजूला येऊन बसली.

पावसाळा लागल्यावर सुपरवायझरचा फोन आला. ड्रायव्हर मिळत नव्हते. "ये कामावर. फक्त साहेबाले सॉरी म्हन. अन् थे वासाचं मनावर घेऊ नको. नाकच तं लावते ना मानूस, काय जाते तुयं?"

मी गेलो. गाडी थांब्यावर लावली. लोक चढले, साहेब चढले. मी सीटवरून उठलो आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणालो, "त्या दिवशी मी आदल्या दिवशी पिऊन डेपोत आलो होतो. तुमचा जीव माझ्या हातात असतो. चुकलं माझं. माफ करा." आवाज फाटका निघाला. पण निघाला.

साहेब मान हलवून म्हणाले, "शाबास." आणि पुढे झाले. "चल आता. तोंड उघड."

मी ओठ मिटले. गाडी बंद केली, चावी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"श्वास तपासाचं मशीन आना साहेब. डेपोत सगळ्या ड्रायव्हरले लावा, मले पहिले लावा. नाही तं ही चावी घ्या."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल साहेब."

हात इतका कापत होता की चावी किणकिणत होती. भीती लपवता आली नाही. सगळ्यांनी ऐकलं. साहेब हलेनात, मीही हललो नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, पंचिंगची वेळ होऊन राह्यली ना!" माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. पंचिंगच्या बाजूने बोलले. साहेब जाऊन बसले. मी गाडी काढली.

साहेबांनी माझी तक्रार वर केली आहे असं ऐकतो. मशीन आलेलं नाही. ठेकेदार कधी फोन करेल सांगता येत नाही. रस्त्यात मोहाचा वास आला की मान वळते. क्षमेच्या त्या ओळीपाशी मी अजून थांबतो. रोज तिथपर्यंत जातो, थांबतो, उद्या पुन्हा जाईन. कदाचित कधीतरी ती ओठावर येईलही. पण आली म्हणून साहेबांच्या नाकाला परवानगी मिळणार नाही.

मी पुन्हा घसरेन, तर मीच सांगेन, भर बसमध्ये सांगेन. हे तोंड कबुलीला उघडेल, प्रार्थनेला उघडेल. हुंगायला कोणाला देणार नाही.