तोंड धुऊन ये

जेलरोडच्या कॉलनीत भिमाजी गांगुर्डे यांना नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. सगळे स्टेनोसाहेब म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं आणि एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान: जसंच्या तसं. साक्षीदार अडखळला तर अडखळणं जसंच्या तसं, त्याने शिवी दिली तर शिवीही जशीच्या तशी. नवे वकील गंमत करायचे, "स्टेनोसाहेब, जरा आमच्या बाजूने ऐका की." हे हसायचेसुद्धा नाहीत.

साक्ष देताना एखादी बाई रडायला लागली, की कंसात लिहायचं: साक्षीदारास रडू आले. मग पेन थांबायचं, कोणीतरी पाण्याचा ग्लास आणायचं, बाई डोळे पुसायची आणि कामकाज पुढे सुरू. रडणं असं कंसात घालायला भिमाजी कोर्टात शिकले म्हणावं, तर तसंही नाही. ते घरातूनच शिकून आले होते. वडील प्रेसमध्ये कामाला होते. पोरगं रडलं की ते एवढंच म्हणायचे, "पुरे. तोंड धुऊन ये." भिमाजींनी आपल्या मुलीला, संध्याला, तेच सांगितलं. तिच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, हे कॉलनीतलं कोणीही सांगेल. आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. शाळेत मार्क कमी पडले, मैत्रीण बोलेनाशी झाली, गुडघा फुटला, काहीही असो; "पुरे. तोंड धुऊन ये." त्यांना ती मायाच वाटायची. पोरगी उठायची, बाथरूमचा नळ सोडायची आणि कोरडं तोंड घेऊन परत यायची.

पंधरा वर्षांपूर्वी भिमाजींची बायको लताबाई गेली. कावीळ झाली आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. संध्या तेव्हा एकोणीस वर्षांची. लताबाईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर माणसांनी भरलेलं होतं, आणि आईच्या फोटोसमोर बसलेली ही पोरगी एकदम हंबरडा फोडून रडायला लागली. बाया तिला जवळ घ्यायला उठल्या. भिमाजी म्हणाले, "संध्या, पुरे. तोंड धुऊन ये." ती उठली. तोंड धुऊन आली आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला. लोक म्हणाले, पोरगी किती खंबीर! भिमाजींनाही बरं वाटलं. आता काय म्हणावं या माणसाला?

त्या दिवसापासून बापासमोर ती कधी रडली नाही. हसलीही बेतानेच. पुढे तिचं लग्न झालं, जावई सैन्यात, आणि ती राहायला देवळाली कॅम्पला गेली. जेलरोडवरून बसने अर्ध्या तासाचा रस्ता. मुलगी झाली, तिचं नाव तेजल ठेवलं. तेजल तीन वर्षांची असताना आजोबांकडे आली होती, खेळताना पडली, हातातली बांगडी फुटली आणि तिने भोकाड पसरलं. भिमाजींनी तिला हाताला धरून उभं केलं आणि म्हणाले, "पुरे, पुरे. तोंड धुऊन ये."

संध्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, वडिलांकडे बघत राहिली, मग तिने पोरीला उचललं आणि तव्यावर पोळी तशीच टाकून निघून गेली. भांडण नाही, तंडण नाही. भांडली असती तर परवडलं असतं. त्यानंतर तीन वर्षांत तेजल काही आली नाही. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला संध्याचा फोन यायचा. "बरे आहात ना? गोळ्या घेताय ना? ठेवते." नातीचा आवाज नाही. भिमाजी मागायचेही नाहीत. मागणं त्यांना जमलंच नाही कधी.

निवृत्त झाल्यावर घर खायला उठतं. कॉलेजरोडवरच्या एका संस्थेत टंकलेखनाचं काम आहे असं कळलं, म्हणून ते गेले. तिथे लहान मुलांवर आणि त्यांच्या आईबापांवर संशोधन चाललं होतं. मुलाला राग आला, रडू आलं, तर घरचे काय करतात. आणि मुळात आईबापांना स्वतःचा राग, स्वतःचं रडू ओळखता येतं का. काही महिने दर शनिवारी पालकांच्या बैठका. त्याआधी, मध्ये आणि शेवटी अशा तीन संध्याकाळी मुलाच्या कपड्याला शिवलेल्या खिशात एक छोटं यंत्र ठेवायचं. त्यात तासाभराचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं. ते ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा, आणि समोरच्या रकान्यात मोठ्यांनी मुलाच्या रडण्याला काय उत्तर दिलं याची खूण करायची: स्वीकारलं, दुर्लक्ष केलं, की गप्प केलं. नाव-गाव काही नाही, फक्त क्रमांक.

काम सांभाळणारी सायली तिशीची होती, बोलायला गोड पण नियमाला पक्की. तिने पहिल्याच दिवशी सही घेतली. "काका, आवाज ओळखीचा वाटला तर तिथेच थांबायचं आणि मला सांगायचं. लोकांनी विश्वासाने आपलं घर आपल्याला ऐकवलंय."

"एकतीस वर्षं विश्वासाचंच काम केलंय मी," भिमाजी म्हणाले. सहीसुद्धा झोकात केली.

सत्तेचाळीस क्रमांकाचं ध्वनिमुद्रण आलं ते दिवाळीनंतर. एक मुलगी, वय सहा. सुरुवातीला भांड्यांचे आवाज, कुकरची शिट्टी, आणि लांबवर धप्प, धप्प. भिमाजी हसले. तोफखान्याचा सराव. म्हणजे घर देवळाली कॅम्पातलं. पोरगी कसलीशी कविता घोकत होती. तिचं खोडरबर हरवलं, आणि ती रडायला लागली. मग तिच्या आईचा आवाज आला. मऊ, जराही न चढलेला.

"पुरे. तोंड धुऊन ये."

पाठोपाठ नळाचा आवाज.

भिमाजींनी आवाज ओळखला. सातवं मिनिट चालू होतं. आता यंत्र थांबवायचं, उठायचं, सायलीला सांगायचं. सगळं माहीत होतं त्यांना. पण कानाला लावलेल्या त्या दोन काळ्या चकत्यांमध्ये त्यांची नात नाक ओढत होती. नळ बंद झाला, पावलं आली, आणि ती म्हणाली, "मम्मी, धुतलं." तीन वर्षांनी ऐकलेला आवाज. किती बदलला होता! भिमाजींनी तास पुरा ऐकला. शब्दन् शब्द उतरवला. रकान्यात खूण करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिन्ही पर्याय पुन्हा वाचले. पण ते भिमाजी स्टेनो होते. "गप्प केलं" या शब्दांसमोर त्यांनी खूण केली. ती खूण संध्यासाठी नाही, कोणासाठी आहे, हे न कळण्याइतके ते बावळट नव्हते.

सायलीला मात्र सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सही करून शब्द मोडला. सांगितलं असतं तर पुढची दोन मुद्रणं दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेली असती, आणि नातीचा आवाज ऐकायला भिमाजींकडे जगात दुसरी वाटच नव्हती.

दुसरं मुद्रण दोन महिन्यांनी आलं. या वेळी तेजल शाळेतल्या कोणावर तरी चिडली होती, दप्तर आपटत होती, मग रडायला लागली. संध्या म्हणाली, "पुरे." आणि थांबली. भिमाजी यंत्रावरच्या सेकंदांच्या आकड्याकडे बघत होते. अकरा सेकंद काहीच नाही. मग तेजलच म्हणाली, "तोंड धुऊ?"

"नको," संध्या म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "इकडे ये. आधी रडून घे."

पोर रडली. चांगलं पोटभर रडली, आणि तिची आई तिला गप्प बस म्हणाली नाही. तिला ते जमत नव्हतं, हे भिमाजींना ऐकूनच कळत होतं. मध्येच तिचा श्वास अडकायचा, मध्येच ती "हं, हं" करायची. पण तिने पोरीला सोडलं नाही. भिमाजींनी "स्वीकारलं" समोर खूण केली. त्यांना लेकीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. शनिवारी बैठका घेणाऱ्या बाईंनी दोन महिन्यांत शिकवलं ते बापाला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

तिसरं आणि शेवटचं मुद्रण फेब्रुवारीत आलं. त्यात कोणी रडत नव्हतं. माय-लेकी मटार सोलत बसल्या होत्या.

"मम्मी, तू लहानपणी रडायचीस?"

"रडायचे की. मग तोंड धुवायचे."

"कोण सांगायचं?"

"माझे पप्पा."

"त्यांना नाही रडू यायचं?"

थोडा वेळ नुसते मटार पडत होते. मग संध्या म्हणाली, "यायचं असेल. तुझी आजी गेली ना, त्या दिवशी सगळे झोपल्यावर ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. खूप वेळ सोडला. मी दाराबाहेर उभी होते. पाण्याशिवाय काही ऐकू येईना. पण मला माहीत होतं."

"मग तू दार का नाही वाजवलंस?"

"भीती वाटली. पप्पा म्हणतील, तोंड धुऊन ये."

भिमाजींनी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. समोरची अक्षरं दिसत नव्हती. पंधरा वर्षं त्यांना वाटत होतं, ती रात्र फक्त आपल्याला ठाऊक आहे. आणि पोर पलीकडे उभी होती, दीड इंची दाराच्या पलीकडे, एकोणीस वर्षांची, आई नसलेली. आपण दार उघडलं असतं तर दोघं एकत्र रडलो असतो. आणि आता आपण काय करतोय? तिच्या दाराबाहेर उभे राहून चोरून ऐकतोय. निदान दार वाजवावं, असं भिमाजींच्या मनाने घेतलं. वाजवलं की हे ऐकणंही संपणार, हे समजूनच ते उठले.

सायलीने सगळं ऐकून घेतलं. "काका, आवाज कधी ओळखलात?"

आज, असं म्हणता आलं असतं. "पहिल्याच मुद्रणात," ते म्हणाले. "सातव्या मिनिटाला."

तिने त्यांनी उतरवलेले कागद पुढे ओढले आणि चाळले. "नोंदी तुम्ही प्रामाणिकपणे केल्यात, ते दिसतंय मला. पण घर त्यांचं आहे, काका. मला त्यांना कळवावं लागेल. आणि हे काम आता तुम्हाला देता येणार नाही."

"कळवा," भिमाजी म्हणाले. त्यांनी टेबलावरचा चष्म्याचा डबा घेतला आणि सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत पायीच आले. बस दोनदा समोरून गेली, ती दिसलीच नाही.

आठ दिवस फोनकडे बघण्यात गेले. त्या आठ दिवसांत त्यांनी एका कागदावर लघुलिपीत काय काय बोलायचं ते लिहून काढलं. खोडलं, परत लिहिलं. माझं चुकलं, हे वाक्य चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं होतं. ती लिपी वाचायला घरात दुसरं कोणीच नाही, तरी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला.

"तुम्ही चोरून ऐकलंत," संध्या म्हणाली.

"हो."

"तिन्ही वेळा."

"हो."

"मी ते सगळं पुसून टाकायला सांगितलंय. त्यांनी पुसलंसुद्धा. तो माझा हक्क होता."

"बरं केलंस," भिमाजी म्हणाले. त्यांना वाटलं होतं तितकं ते वाक्य सोपं गेलं नाही. कुठेतरी त्या यंत्रात नातीचा आवाज जपून ठेवलेला आहे, एवढा आधार होता, तोही गेला.

"शनिवारच्या बैठकीत मी कितीदा तुमच्याबद्दल बोलले असेन. तिथल्या परक्या बायांना सांगितलं, पप्पा. तुम्हाला सांगता आलं नाही. आणि तेजलला घेऊन मी येईन, असं काही समजू नका. आत्ता नाही जमणार मला."

"नाही समजत."

"मग बोला ना काहीतरी. एवढं ऐकलंत, आता बोला."

भिमाजींनी खिशातून कागद काढला. उलगडला. एकतीस वर्षांत आपल्याच हाताची लिपी त्यांना कधी अडली नव्हती. त्या दिवशी एक अक्षर लागेना. पायांना सवयीची वाट माहीत होती. फोन कानालाच होता, आणि ते चालत बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि नळ सोडला. पूर्ण सोडला.

बादली भरत आली होती.

"पप्पा," ती म्हणाली. "नळ बंद करा."

भिमाजींनी नळ बंद केला. मग पंधरा वर्षांपूर्वी जे दाराबाहेर ऐकू आलं नव्हतं, ते सगळं संध्याला ऐकू आलं. तिने फोन ठेवला नाही.