हिरवी खूण

आमच्या बंगळूरच्या ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर बसणारे अण्णा तिथल्याच चामराजपेटचे. मी पुण्याहून आलेली, त्यांच्या निम्म्या वयाची, तरी ते मला अक्का म्हणत. खिडकीवर आलेला प्रत्येक प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर ते रजिस्टरमध्ये उतरवून ठेवत. माणूस न भांडता गेला, की पेनाचं टोपण दातांनी काढून त्या उत्तरापुढे हिरवी खूण करत.

त्या वर्षी आम्हाला अशा प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम करायचा होता. त्याला शिकवायला नियमपुस्तक घ्यावं की अण्णांची रजिस्टरं, हे मला ठरवायचं होतं.

"नियम वाचून कुणी शांत झालंय का, अक्का? हिरवं तेवढं घ्या," अण्णा म्हणाले.

मी घेतलं. निम्म्याहून जास्त ठिकाणी उत्तर एकच होतं: अर्ज वर गेला आहे, स्वल्प थांबा.

प्रोग्रॅम चालू झाला त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चपला कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसले आणि एका बोटाने टाइप केलं, "माझ्या बढतीच्या अर्जाचं काय झालं? सात वर्षं झाली."

पडद्यावर उमटलं, "अर्ज वर गेला आहे, स्वल्प थांबा."

मला वाटलं, आता हसतील. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं, पडद्याला हात जोडले, "सरी, सरी," असं कानडीत बरं, बरं म्हणाले आणि चपला घालून खिडकीवर जाऊन बसले.

त्यांचं हिरवं पेन कॉम्प्युटरच्या टेबलावरच राहिलं होतं. मी टोपण काढलं, त्यांचा प्रश्न आणि पडद्यावरचं उत्तर रजिस्टरमध्ये उतरवलं आणि त्या उत्तरापुढे खूण केली.