दुखणं गप्प करणारा

सिरिंज उजेडाकडे धरून तो नखानं टिचकी मारायचा आणि समोरच्या बाईला म्हणायचा, “एक टोचतो. उद्या पळशील.” त्या टिचकीचा तोरा असा, की बघणाऱ्याला वाटावं, दुखणं सुईनं नाही, टिचकीनंच जातं.

मुरबाडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आणि त्याचा दवाखाना यांच्यामध्ये नुसत्या फळ्या होत्या. त्यामुळे नव्वदच्या दशकातली माझी बरीच वर्षं त्याची बडबड ऐकण्यात गेली. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. पाटीवर नावापुढे इंग्रजी अक्षरांची माळ, गळ्यात नळी, अंगाला अत्तर. अक्षरांचा अर्थ मी एकदा विचारला, तर म्हणाला, “तुला झेपायचा नाही.” त्याला तरी कुठे झेपत होता!

लावणीचे दिवस आले की त्याची चैन. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका बाजाराच्या दिवशी कंबर धरून यायच्या. गुडघा असो, मान असो, कंबर असो, सुई एकच.

एक गोष्ट मात्र त्याला येत होती. कबूल करणं जिवावर येतं, पण येत होती. तो विचारायचा. “कधीपासून गो? वाकताना दुखतं की उठताना?” मग दुखऱ्या जागी हात ठेवून नीट ऐकून घ्यायचा. त्या बायकांचं दुखणं घरीदारी कुणी विचारलेलं नसायचं. एवढ्यानंच त्यांचं अर्धं दुखणं उतरे. उरलेल्या अर्ध्याचे तो पैसे घेई.

माझी थोरली वहिनी वैशाखऱ्याहून त्याच्याकडे यायची. आधी फक्त लावणीपुरती, मग कापणीलाही, मग दर बाजाराला. “भावजी, हाताला गुण हाय डाक्तरच्या,” असं मला सांगायची. पुढे तिच्या पोलक्याचं माप घेताना मी चक्रावलो. अंग सुटलेलं, दंड मात्र काडीसारखे. तोंड पुनवेच्या चंद्रासारखं गोल. मी त्याला फळ्यांवरून हाक मारून विचारलं, तर हसून म्हणाला, “औषध अंगी लागलंय तिच्या!”

पुढच्या गणपतीत तो दवाखाना बंद करून गावी गेला आणि लवकर परतलाच नाही. सुई थांबली. वहिनीला आधी उलट्या सुरू झाल्या, मग उभं राहवेना. एका सकाळी ती विहिरीवर कोसळली. भावानं आणि मी जीप करून तिला कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हात गार पडले होते. वाटेत भाऊ एकच म्हणत होता, “डोळं उघड गो, डोळं उघड.”

ती वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. शरीर स्वतःच एक औषध बनवतं. ते सारखं बाहेरून टोचत राहिलं, तर शरीर आपलं बनवायचं सोडून देतं, आणि मग सुई एकदम थांबली की माणूस असा कोसळतो. “आणि कंबरेचं म्हणाल,” त्या वहिनीला म्हणाल्या, “तुमचं हाड मोडलेलं नाही. दुखलं की भीती वाटते, भीतीनं अंग आखडतं, आखडलं की आणखी दुखतं. एकदम राबू नका आणि एकदम पडूनही राहू नका. थोडं वाका, थोडं चाला, शेका.”

मी तिथून आलो तो रागानं पेटूनच. हा परतल्याचं कळताच त्याच्याकडे गेलो. बघतो तर स्वारी फरशीवर सतरंजी टाकून उताणी, गुडघ्यांखाली उशी. त्याचीच कंबर धरलेली! वहिनीचं सगळं सांगितलं. वर म्हटलं,

“मग आता घ्या तुमचीच सुई. देऊ का भरून?”

“येडा झालास का?” तो दचकून म्हणाला. “मी नाही ती घेत. उद्यापासून हळूहळू चालणार, गरम पाण्यानं शेकणार. आठवड्यात उतरतं.”

म्हणजे याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, “हे बायकांना का नाही सांगितलंत?”

“सांगायचो की, सुरुवातीला. एकही परत आली नाही. चाल म्हणायला डाक्तर कशाला, म्हणाल्या. त्यांना उद्याच्या उद्या रानात उभं राहायचं असतं रे. मी त्यांना उभं करत होतो.”

उठताना त्याला कण्हायला झालं, त्यानं हात पुढे केला. मी तो धरला नाही. असल्या माणसाची मला आजही किळस येते. अडाण्याला माफ करता येतं. हा अडाणी नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तालुक्यात बोगस डॉक्टरांची चौकशी होणार अशी बातमी आली आणि तो पाटी काढून पसार झाला. चौकशी झालीच नाही. त्याच्या जागी पुढे मोबाईलचं दुकान आलं. तरी कित्येक बाजार बायका त्या पायरीशी येऊन उभ्या राहायच्या.

वहिनीची कंबर पुरती बरी कधीच झाली नाही. पण तिनं रीत बसवली. दोन ओळी लावल्या की बांधावर चक्कर मारायची, संध्याकाळी शेकायची. कुणी विचारलं की म्हणायची, “सवत हाय ती माझी. घरात ऱ्हाऊ दे, पन चुलीजवल नाय बसू देनार.”

तो पळाल्याचं मी तिला ऐकवलं, तेव्हा ती अंगणात भात राखत बसली होती. मला वाटलं, शिव्या घालील. तिनं विचारलं, “कंबर बरी हाय का त्याची?”

“तुला गं कशाला पंचाईत त्याची?”

“मेला म्हनून सांगितलंत तरी मी रडायची नाय, भावजी. पन कंबर लय वाईट.”

तेवढ्यात भातावर कोंबड्या आल्या. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, क्षणभर तशीच थांबली आणि त्यांना हाकलायला गेली.