बिनसाखरेचा चहा

मस्कतच्या गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मला सहा वर्षं झाली होती. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मी 'प्रभू, माझे डोळे उघड' अशी प्रार्थना करायचे, तीही चारचौघांना ऐकू जाईल अशी. एका शुक्रवारी शेजारच्या पांढऱ्या केसांच्या माणसाने गीतांचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. मी विचारलं, "मस्कतला नवीन आलात का?"

"मॅडम, ऑफिसात तुमचा बिनसाखरेचा चहा रोज मीच आणतो."

त्या दिवशी माझ्या तोंडून प्रार्थना फुटली नाही.

रविवारी ते चहा घेऊन आले, तेव्हा मी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. साहेब म्हणाले, हे इथे चालणार नाही.

म्हटलं, "सहा वर्षं मी आंधळी होते, तेव्हा तुमची काही तक्रार नव्हती. आता दिसतंय, तर सवय करून घ्या."