सासूबाईंची रविवारची गोळी

सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. प्लास्टर निघालं, मला वाटलं सुटलो. पण जिथे प्लास्टर घातलं, त्या गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलने आमचा पिच्छाच सोडला नाही! हाडांचे डॉक्टर, व्यायाम शिकवणारी मुलगी आणि एक सिस्टर, तिघं मिळून त्यांच्या मागे लागले. हाडं ठिसूळ झालीत, आता खुबा मोडला तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. रोज पिशवी घेऊन भाजीबाजार पालथा घालणारी बाई अंथरुणात?

मग आठवड्याला एक गोळी सुरू झाली. दर रविवारी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं, असं सिस्टरने मला दोनदा बजावलं. आता सत्तरीच्या बाईला नुसत्या पाण्यावर बसवायचं? मला काही पटेना. हाडांना दूध चांगलं, एवढं मला कळत नाही का? मी आपली गोळीबरोबर पेलाभर गरम दूध द्यायची. सिस्टरचा फोन आला की "हो हो, तुम्ही सांगितलं तस्संच" म्हणून मोकळी व्हायची. मोठी शहाणी ना मी!

वर्षभराने त्यांनी पाण्याची कळशी उचलली आणि पाठीत सणकन कळ आली. मणका दबला होता. हॉस्पिटलात तिघंही आमच्यासमोर एका टेबलाशी बसले. औषध चालू असताना असं का व्हावं, त्यांना उमजेना. शेवटी सिस्टर म्हणाली, "गोळी कशी देता, अगदी पहिल्यापासून सांगा." मी "दूध" म्हणाले मात्र, डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दुधाबरोबर ती गोळी अंगी लागतच नाही म्हणे. अख्खं वर्ष फुकट!

"तिला बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "मीच हट्टाने दूध मागायचे."

धादांत खोटं! पुढे गोळी पाण्याबरोबर सुरू झाली, व्यायामही झाले, आणि खुबा शेवटपर्यंत शाबूत राहिला. पण त्या दिवशी परतताना रिक्षात मला रडूच फुटलं. "आई, तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

त्यांनी माझा हात थोपटला. "अगं, दुधाच्या नुसत्या वासाने मला मळमळतं, लहानपणापासून. पण तू एवढ्या मायेने तापवून आणायचीस, नाही कसं म्हणू?"