बॅटरी तुझ्या हातात

"ही बॅटरी तुझ्या हातात. तू बंद केलीस की मी थांबले."

तपासायला आणलेली पोरगी कितीही लहान असो, आमच्या मॅडमचं पहिलं वाक्य हेच. मग त्या एक बुटकं लाकडी स्टूल ओढून तिच्यासमोर बसायच्या. पोर वर टेबलावर, डॉक्टर खाली. पोर बॅटरी लावायची, विझवायची, पुन्हा लावायची, आणि विझली की मॅडम खरंच हात मागं घ्यायच्या. बाहेर ओपीडीची रांग गेटापर्यंत गेलेली आणि आत हा खेळ! माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. "मॅडम, रांग!" मी म्हणायची. "रांगेला पाय आहेत सिस्टर, उभी राहील," त्या म्हणायच्या.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. मॅडम तिथं बायकांच्या डॉक्टर होत्या. आता जे सांगते ते आपल्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण वयात न आलेल्या पोरींनाही कधी कधी खालून रक्त जातं. आई घाबरते, आजी आपल्या परीनं अर्थ लावते आणि बाप दवाखान्याबाहेर रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो. असा बाप तुम्हीही पाहिला असेल.

चुडाव्याला दिलेली एक पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तान्ह्या लेकीच्या लंगोटाला रक्ताचे ठिपके दिसले आणि घरात रडारड. मॅडमनी बाळाला नीट तपासलं नि म्हणाल्या, "पोटात असताना आईच्या रक्तातले हार्मोन हिला मिळत होते, ते आता बंद झाले. म्हणून हे. थोड्या दिवसांत आपोआप थांबेल. नाही थांबलं तर या." बाळाची आजी म्हणाली, "आन् मी दिष्ट काढली त्येचं काय?" "काढलीत ना? मग तर झालंच काम." मी तोंडाला पदर लावून हसले.

मानवतची एक पोरगी बापाची सायकल शिकताना दांडीवर आदळली होती. तिला मॅडमनी बर्फ लावून बसवलं, लघवी नीट होते की नाही ते पाहिलं आणि घरी सोडलं. एकीच्या लघवीच्या जागेचं तोंड लालभडक होऊन बाहेर आलेलं, त्याला गावात कुणीतरी गाठ म्हणून घरच्यांची झोप उडवली होती. कोमट पाण्यात बसवणं आणि मलम, एवढ्यावर ते बसलं. पण शाळेत जायला लागून दोन वर्षं नाहीत आणि छाती भरायला लागली, वर रक्त, अशी पोर आली की मॅडमचं हसणं बंद. लगेच एक्सरे, रक्ताच्या तपासण्या, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. "इतक्या लवकर का आलं, ते शोधलंच पाहिजे," त्या सांगायच्या.

आणि एक प्रश्न त्या प्रत्येकीला विचारायच्या, अगदी साध्या आवाजात. कुणी तिथं हात लावला का? दुखवलं का? एका बापानं टेबलावर हात आपटला. "आमच्या घराला असं बोलता?" मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांच्या घराला बोलते. तुम्ही एकटे नाही." एकदा उत्तर 'हो' आलं. त्या दिवशी त्यांनी पोरीला तेच ते पुन्हा सांगायला लावलं नाही. पोलिसांना स्वतः फोन केला आणि ती जाईपर्यंत तिचा हात सोडला नाही. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

राणीसावरगावची पोर मात्र मला सांगायचीच आहे. पहिलीतली, दप्तर घेऊनच आलेली. आजीनं तिला ओपीडीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं होतं, सगळ्यांपासून लांब. आई पलीकडं डोळे पुसत उभी. मी पोरीला उचलायला गेले तशी आजी ओरडली, "शिवू नका बाई, भाईर बसलीय ती!"

"कोण?"

"हीच की. शहाणी झाली. चार दिस झाले, डाग पडायलेत."

मला हसावं की रडावं कळेना. मामाला सांगावा गेला होता, तो न्हाणाचं हिरवं लुगडं घेऊन हजर. गल्लीत साखर वाटून झाली होती. आजीचं एकच चाललेलं, "आता शाळा न्हाई, पोराटोरांत खेळणं न्हाई. पदर आला म्हणल्यावर घरातच बरी." आई म्हणाली, "सात वर्साची हाय वो ती. आत्ताच शाळंत रमायलीय." पोरीनं दप्तर पोटाशी धरलं होतं. आजी वाईट नव्हती हो. तिला भीती आणि कौतुक दोन्ही एकदम झालं होतं.

मॅडम आल्या आणि पोरीला सरळ कडेवर घेतलं.

"अवो, शिवलात की!"

"शिवले. आता मलाही पोत्यावर बसवा." मामासुद्धा हसला.

आत बॅटरी पोरीच्या हातात गेली. मॅडमनी बाहेरूनच पाहिलं. छाती नाही, केस नाहीत, वयात आल्याची एक खूण नाही. वास मात्र घाण येत होता. "आजी, पाळीला असा वास नसतो," त्या म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला. पोरीनं मान हलवून 'न्हाई' म्हटलं. "आत काही गेलंय का गं?" यावर तिनं बॅटरी बंद केली.

मॅडमनी हात मागं घेतले. आजी काही म्हणायला गेली तर त्यांनी नुसतं बोट ओठावर ठेवलं. रांगेचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं बॅटरी लागली.

"खाजत व्हतं लय. म्या कापूस लावला. त्यो आतच गेला."

भाव येईस्तोवर कापूस घरात भरून ठेवायचा आणि पोरांनी त्या ढिगावर झोपायचं, हे आमच्याकडं घरोघरी. त्या कापसानं अंगाला खाज सुटते हेही सगळ्यांना माहीत. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मॅडमनी बारीक मऊ नळीनं कोमट सलाईन सोडून धुतलं. मध्ये पोरीनं बॅटरी विझवली तसं थांबल्या, लागली तसं पुन्हा धुतलं. काळपट बोळा ट्रेमध्ये आला. आणखी काही उरलं नाही ना, याची खात्री केली. "असं निघालं नसतं तर भूल देऊनच काढलं असतं, ओढाताण केली नसती," त्या आईला म्हणाल्या. औषध दिलं, कापसावर झोपायचं नाही, साध्या पाण्यानं धुवायचं, आठवड्यानं दाखवायचं, असं बजावलं.

आजी मटकन खाली बसली. "आता गल्लीला काय सांगू? साखर वाटून बसले की मी!"

"सांगा, पोर बरी झाली. साखर काही वाया गेली नाही. आणि उद्या शाळा."

"आन् ह्ये लुगडं?"

"पेटीत ठेवा. तिचा दिवस येईल. त्या दिवशी मला बोलवा, जेवायला येते."

"खरंच येता?"

"बोलवून तर बघा."

पुढं मॅडमची बदली झाली. तिकडंच हृदयाचा झटका आला आणि गेल्या. बातमी आली तेव्हा मी इंजेक्शन भरत होते. ते दिलं, मग मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. माणूस असं जातं का हो कुठं!

यंदा ती आजी पुन्हा आली. कमरेत वाकलेली, पण या वेळी तिनं पोरीचा हात घट्ट धरला होता. पोर तिच्याहून उंच झालेली, अंगावर तेच हिरवं लुगडं, निऱ्या सारख्या सुटायलेल्या. "मॅडमला जेवायला बोलवायला आलाव," आजी म्हणाली. "बोल दिला व्हता त्यांनी."

मला सांगावं लागलं.

आजी भिंतीला टेकली. पोर त्या बुटक्या स्टुलाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बॅटरी हाय का वो अजून?"

मी ड्रॉवरमधून काढून दिली. तिनं ती लावली, स्टुलावर ठेवली आणि आजीचा हात धरून निघाली.

"अगं, सेल उतरतील. बंद कर की!"

"नको," ती दारातून म्हणाली. "बंद केली की त्या थांबतील."

ओपीडी उरकली, खोली झाडून झाली. मी काही ती बंद केली नाही.